हाली आणि कलदार

माझे आजोबा पैनगंगेपलीकडे बैल घ्यायला जात, तेव्हा कमरेच्या कशात दोन पुरचुंड्या बांधून नेत. एकीत निजामाचे हाली रुपये, दुसरीत इंग्रजांचे कलदार. नदीच्या अलीकडे निजामाचे राज्य होते आणि पलीकडे इंग्रजांच्या अमलाखालचा वऱ्हाड. सात हाली मोजावे तेव्हा सहा कलदार हाती पडत. शिवाय वाटेत करोडगिरीचा नाका असे आणि तिथला जवान पुरचुंडीत बोट घालून पाही. चांदीच्या रुपयावर कुणाचा छाप आहे, यावर माणसाची पत ठरत असे. आजोबा म्हणत, "नदी एकच, पाणी एकच, पण नावेतून उतरलो की आपण गरीब व्हायचो."

१९४८ च्या सप्टेंबरात पोलिस कारवाई झाली, निजामाचे राज्य गेले आणि काही वर्षांनी हालीही गेले. पुढे मी शिक्षक झालो. वर्गात हिंगोलीच्या मुलांना मुक्तिसंग्रामाचा धडा शिकवताना हाली-कलदारची ही गोष्ट मी दरवर्षी न चुकता सांगत असे, आणि शेवटी मोठ्या तोऱ्यात म्हणत असे की आता काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच नाणे चालते. मुले माना डोलावीत. त्या मुलांची मला आज जाहीर माफी मागायची आहे. हाली अजून चालू आहे. त्याचे हल्लीचे नाव प्रीपेड असे आहे, आणि ते रावी नदीच्या पुलापलीकडे चालत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी नियम एकदा सरळ सांगून टाकतो. जम्मू-काश्मीर आणि लडाख सोडून हिंदुस्थानातल्या कोणत्याही भागात घेतलेले प्रीपेड सिमकार्ड जम्मू-काश्मिरात आणि लडाखात बंद पडते. नुसते इंटरनेट नव्हे. फोन येत नाही, जात नाही, संदेश नाही, काही नाही. खिशात पैसे भरलेले यंत्र असते आणि ते दगड होऊन बसते. मात्र फोन पोस्टपेड असेल, म्हणजे महिनाभर आधी बोलून घ्यायचे आणि मग बिल भरायचे अशा प्रकारचा असेल, तर तो तिथे खुशाल चालतो. कारण विचारले तर उत्तर मिळते: सुरक्षा. या एका शब्दापुढे आपल्या देशात शहाणीसुरती माणसेही हात जोडून उभी राहतात. मीही राहत होतो. २०२४ च्या नोव्हेंबरापर्यंत.

त्या महिन्यात, सोयाबीन घरात येऊन विकून झाल्यावर, आम्ही बारा माणसे यात्रेला निघालो. आमचा भाग नामदेवांचा. नर्सी आमच्या हाकेच्या अंतरावर आहे. आणि नर्सीच्या माणसाला घुमानला एकदा जाऊन यावे असे वाटतेच. २०१५ साली घुमानला मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हापासून तर ही ओढ फार वाढली. साहित्यिक मंडळी विसरली असतील. आमच्या वाड्यावस्त्यांवरची माणसे विसरलेली नाहीत. तेव्हा नांदेडहून सचखंड एक्स्प्रेसने अमृतसर, तिथून घुमान, आणि इतके उत्तरेला आलोच आहोत तर वैष्णोदेवी, असा बेत होता. बारांपैकी अकरांचे फोन प्रीपेड होते. माझा एकट्याचा पोस्टपेड, आणि त्यातही माझे कर्तृत्व काही नाही. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने आपल्या नावावर घेऊन दिलेला, बिल तोच भरतो.

घुमानपर्यंत सगळे ठीक होते. नामदेवांच्या दरबारात बायांनी अभंग म्हटले, ते फोनवरून घरच्यांना ऐकवले. पंजाबी म्हाताऱ्यांनी आमच्या टोप्यांना नमस्कार केला. ग्रंथसाहिबात नामदेवांची एकसष्ट पदे आहेत, हे आमच्यातल्या अंगठेबहाद्दरालाही पाठ आहे. मग बसने पठाणकोट, माधोपूर, रावीचा पूल आणि लखनपूर. पूल ओलांडून बस थांबली तेव्हा सगळेच फोन काढून बसले होते, कारण संध्याकाळची वेळ म्हणजे घरी बोलायची वेळ. एकेक जण फोन हलवून पाहू लागला. कुणी बंद करून चालू केला, कुणी सिम काढून धोतराला पुसले. एका बाईंनी विचारले, "गुरुजी, रिचार्ज तर परवाच केलंय. माझाच मेला का समद्यांचा?" समद्यांचाच मेला होता. समोरच्या बाकावरचे पंजाबी सद्गृहस्थ हसून म्हणाले की इथे प्रीपेड चालत नाही. जणू काही पुढच्या गावी पाऊस पडतो असे सांगावे, इतक्या सहजपणे. सीमेवर तशा अर्थाची पाटी मला कुठे दिसली नाही. रिचार्ज देणाऱ्या दुकानदाराने सांगितले नव्हते. कंपनीच्या जाहिरातीत तर 'सगळ्या भारतात मोफत' असे मोठ्या अक्षरांत होते. बारीक अक्षरे कुठे होती ती आम्ही परत आल्यावर चष्मा लावून शोधली.

कटऱ्याला उतरल्यावर हिशेब कळला. गेल्या काही वर्षांत आम्हा खेड्यातल्या माणसांना रोकड बाळगू नका, फोनवरून पैसे द्या, असे सगळ्यांनी मिळून शिकवले आहे. आणि आम्ही ते शिकलो, हे आमचे दुर्दैव. सोयाबीनचे पैसे बँकेत, बँक फोनमध्ये आणि फोन गतप्राण. बरोबरच्या दोन पोरांनी एका दुकानातून तिथले सिम विकत घेतले. आधार दाखवला, फोटो काढला, छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मोजले आणि ते सुरू झाले दुसऱ्या दिवशी दुपारी. त्यावर इंटरनेट आले खरे, पण बँकेचा ओटीपी येतो जुन्या नंबरावर, आणि जुना नंबर तर रावीत बुडालेला. शेवटी बारा माणसांचा खर्च माझ्या फोनवरून झाला आणि वहीत मांडून ठेवावा लागला. हे सगळे मी गैरसोय म्हणून सोडून दिले असते. यात्रेला गेलेल्या माणसाने गैरसोयीबद्दल बोलू नये.

पण आमच्याबरोबर एक मामा होते. खरे मामा कुणाचेच नाहीत, सगळी वाडी त्यांना मामा म्हणते. वय सत्तरीचे, फोन साधा बटणांचा. कटऱ्याच्या धर्मशाळेत त्या रात्री माझ्या फोनवरून घरी बोलायला रांग लागली. दहा जण बोलले. मामा उठेनात. मी फोन पुढे केला तर म्हणाले, "असू द्या गुरुजी. तुमच्या पोराच्या बिलात माझं बोलणं कशाला? तीन दिवसांत तर परतायचंय." मी दोनदा आग्रह केला, तिसऱ्यांदा केला नाही. पोस्टपेडच्या बिलात बोलण्याचे वेगळे पैसे पडत नाहीत हे मी त्यांना समजावून सांगायला हवे होते. दिवसभराच्या प्रवासाने मी थकलो होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही डोंगर चढू लागलो. मामा बाराएक किलोमीटरची वाट भजन म्हणत चढले, अर्धकुंवारीला चहा पिऊन पुन्हा पुढे निघाले, दर्शन घेऊन प्रसाद खाल्ला, सगळ्यांना वाटला. त्याच पहाटे इकडे कळमनुरी तालुक्यात त्यांची थोरली बहीण वारली होती. आई लहानपणी गेल्यावर हिनेच त्यांना वाढवले होते. भाच्याने मामांना फोन लावला तो बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. माझा नंबर त्यांच्या घरी नव्हता, कारण त्या घरी माझ्या फोनवरून कुणी बोललेच नव्हते. संध्याकाळपर्यंत वाट पाहून त्यांनी अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी आमची बस रावीचा पूल ओलांडून माधोपूरच्या बाजूला आली आणि अकरा फोन एकाच वेळी किणकिणले. बसमध्ये टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांतच मामांचा फोन वाजला. भाचा तीन दिवस सारखा लावत होता तो लागला होता.

मामांनी ऐकून घेतले, फोन सदऱ्याच्या खिशात ठेवला, आणि पठाणकोट येईपर्यंत काही बोलले नाहीत. पठाणकोटला नळाखाली बसून अंघोळ केली. मग मला एवढेच विचारले, "मंग म्या देवीपुढं सुतकातच उभा व्हतो म्हणा की?" मी संस्कृतचा शिक्षक नव्हे, पण कळल्यापासून सुतक लागते, आधी नाही, असे शास्त्र आहे म्हणून सांगितले. त्यांना ते पटले की नाही मला माहीत नाही.

आता 'सुरक्षा' या शब्दाशी जरा समोरासमोर बोलू.

प्रीपेड सिम धोक्याचे असते, असे ज्या काळी म्हटले गेले त्या काळी त्यात तथ्य होते, हे मी आधीच मान्य करतो. पानटपरीवर कुणाच्याही नावाने, कुणाच्याही फोटोवर सिम मिळे. अतिरेक्यांनी अशी सिमे वापरली, फोनचा उपयोग स्फोट घडवायला केला. २००९ च्या नोव्हेंबरात तर केंद्र सरकारने जम्मू-काश्मिरातल्या खुद्द स्थानिकांचीही प्रीपेड सेवा याच कारणासाठी बंद केली होती. कागदपत्रांची तपासणी कडक करण्याचे ठरले आणि २०१० च्या जानेवारीत ती बंदी उठली. म्हणजे दोष होता तो तपासणीचा. आधी पैसे भरण्याचा नव्हे. ती तपासणी आता अशी आहे की आमच्या आडगावातली म्हातारीसुद्धा बोटांचे ठसे नाही तर चेहरा दिल्याशिवाय सिम घेऊ शकत नाही. प्रीपेडला आधार, पोस्टपेडलाही आधार. तोच फोटो, तीच सही, तोच सरकारी संगणक. मग फरक उरला कुठे?

फरक कुठेच उरलेला नाही, याचा पुरावा खुद्द सरकारनेच देऊन ठेवला आहे. २०२१ च्या सप्टेंबरात दूरसंचार विभागाने प्रीपेडचे पोस्टपेड आणि पोस्टपेडचे प्रीपेड करण्यासाठी नवी कागदपत्रे लागणार नाहीत असे ठरवले. फोनवर आलेला ओटीपी सांगितला की काम होते. वाचकहो, याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. मामांचे सिम सकाळी दहा वाजता देशाच्या सुरक्षेला धोका आहे. सव्वादहाला त्यांनी सहा आकडे कुणाला तरी सांगितले की तेच सिम, तोच नंबर, तेच मामा विश्वासपात्र होतात. कुणी त्यांच्या घरी चौकशीला येत नाही, पोलिस पाटलाचा दाखला लागत नाही. सहा आकड्यांनी धुऊन निघणारा हा कसला धोका आहे? आणि ज्याला खरोखर घातपात करायचा आहे त्याला हे सहा आकडे उच्चारता येत नाहीत अशी का कुणाची समजूत आहे? घातपात करणारे सिमकार्डाविना चालणारी यंत्रे बाळगतात, असे आपण वर्तमानपत्रांत नित्य वाचतो. हा नियम अडवतो तो फक्त ज्याला नियम माहीत नाही त्याला. म्हणजे मामांना.

अमरनाथच्या यात्रेकरूंसाठी सरकारी बीएसएनएल एक खास सिम देते. २०२५ मध्ये त्याची किंमत १९६ रुपये आणि मुदत पंधरा दिवस होती. यात्रेचा कागद आणि आधार दाखवला की ते मिळते. सोय चांगलीच आहे. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण तेही आधी पैसे भरून घ्यायचे सिम आहे! मग लखनपुरात आधार पाहून दिलेले आगाऊ पैशाचे सिम सुरक्षित आणि हिंगोलीत तेच आधार पाहून दिलेले असुरक्षित, हे कोणत्या तर्कशास्त्रात बसते? आधार काय हिंगोलीत छापलेले हाली आणि लखनपुरात पाहिलेले कलदार असते?

मला तर यातली खरी गंमत दुसरीच वाटते. आमच्या हिंगोलीच्या मोंढ्यात, वसमतच्या हळदीच्या बाजारात, जो आधी रोख पैसे ठेवतो तो सचोटीचा आणि जो 'लिहून ठेवा' म्हणतो त्याच्यावर डोळा ठेवायचा, अशी रीत आहे. जगातल्या सगळ्या बाजारांत हीच असणार. टेलिफोनच्या बाजारात मात्र उलटे: रोखीचे गिऱ्हाईक चोर आणि उधारीचे गिऱ्हाईक साव. आधी पैसे मोजणाऱ्यावर संशय आणि नंतर देईन म्हणणाऱ्यावर विश्वास. हे कशावरून आले ते उघड आहे. उधारी त्यालाच मिळते ज्याला पगार आहे, ज्याचा पत्ता शहरातला आहे. सुरक्षेच्या नावाखाली चालली आहे ती पतीची छाननी. देशातल्या दर दहा फोनांपैकी नऊ प्रीपेड आहेत. म्हणजे हा नियम दहातल्या नऊ जणांना सांगतो की तुमचा देश पठाणकोटला संपतो.

आमच्या शहरातल्या एका स्नेह्यांना मी हे सांगितले तर ते म्हणाले, "मग घ्यायचे ना पोस्टपेड! तीन-चारशे रुपयांत मिळते." ही सूचना वरवर शहाणपणाची दिसते. पण ती करणाऱ्याला शेतकऱ्याचा पैसा कधी येतो हे माहीत नसते. तो येतो वर्षातून दोनदा, सोयाबीनला आणि हळदीला, आणि पाऊस रुसला तर एकदाही नाही. ज्या महिन्यात पैसा नाही त्या महिन्यात आमचा माणूस रिचार्ज करत नाही. फोन नुसता येण्यापुरता ठेवतो आणि तोही बंद झाला तर शेजाऱ्याच्या फोनवर निरोप घेतो. बिलाचा तगादा मागे लागलेला त्याला परवडत नाही. सावकाराच्या वहीत पिढ्यान्‌पिढ्या नाव असलेल्या माणसांनी, निदान बोलण्यापुरते तरी, कुणाचे देणे ठेवायचे नाही असे ठरवले तर त्यात त्यांचे काय चुकले? मामांनी माझ्या फोनला हात लावला नाही तो याच वळणामुळे. (अठ्ठावीस दिवसांचा महिना करून वर्षाला तेरा रिचार्ज वसूल करण्याची कंपन्यांची युक्ती हा निराळ्या लेखाचा विषय आहे. रावीपलीकडे मेलेल्या दिवसांचे पैसेही त्या अठ्ठावीसातूनच गेले, एवढी नोंद येथे करून ठेवतो.)

आणखी एक नवल ऐका. हिंगोलीचे हेच प्रीपेड सिम, वेगळे पैसे भरून, दुबईत चालते. सिंगापुरात चालते. गावातली जी पोरे आखातात मजुरीला आहेत त्यांच्याशी घरचे रोज बोलतात. चीनसारख्या देशात, जिथे सरकारने इंटरनेटभोवती भिंत घातली आहे, तिथेही परदेशी माणूस आपल्या देशाचे सिम घेऊन गेला तर त्याचे इंटरनेट बहुधा त्या भिंतीवरून त्याच्या मायदेशी जाऊन येते, आणि स्थानिकांना न दिसणारी पाने त्याला दिसतात. परक्या मुलुखात इतका मान असलेले आमचे सिम कठुआ जिल्ह्यात पाऊल टाकताच परके ठरते.

याच लखनपूरचा इतिहास मोठा बोलका आहे. एके काळी जम्मू-काश्मिरात जायला भारतीय नागरिकालाही परवाना लागत असे. श्यामाप्रसाद मुखर्जी ११ मे १९५३ रोजी परवाना न घेता याच रावीच्या पुलावरून गेले, त्यांना अटक झाली आणि २३ जूनला श्रीनगरात कैदेतच त्यांचा अंत झाला. त्यांच्या पक्षाचे राजकारण कुणाला पटो न पटो, पण आपल्याच देशात परवाना कशाला, हा त्यांचा प्रश्न पुढे सगळ्यांना पटला आणि परवाना गेला. मालावरची लखनपूरची जकात राहिली होती, ती १ जानेवारी २०२० पासून उठली. दरम्यान ५ ऑगस्ट २०१९ रोजी ३७० वे कलमही निष्प्रभ करण्यात आले, आणि आता सगळा देश एक झाला असे आपल्याला सांगण्यात आले. परवाना गेला, जकात गेली, कलम गेले. राहिला तो फक्त गरिबाच्या फोनावरचा करोडगिरीचा नाका. ज्यांनी मुखर्जींच्या तसबिरीला हार घालून सत्ता चालवली त्यांना त्याच पुलावरचा हा परवाना दिसू नये? आणि ज्यांनी त्याआधी वर्षानुवर्षे राज्य केले त्यांच्याच काळात हा नियम मुरला, म्हणून त्यांनीही याबाबत फार मोठ्याने बोलू नये.

मी स्वतःही फार मोठ्याने बोलावे असा माणूस नाही. ५ ऑगस्ट २०१९ ला आमच्या चौकात पेढे वाटले गेले आणि मी दोन खाल्ले. त्या दिवशी काश्मिरात सगळे फोन, सगळे इंटरनेट बंद केलेले होते. पोस्टपेड फोन १४ ऑक्टोबरला सुरू झाले. प्रीपेडवाल्यांना पुढचा जानेवारी उजाडावा लागला. तिथेही आधी कलदार आणि मग हाली! इंटरनेट आले ते २५ जानेवारी २०२० ला, तेही जुन्या संथ गतीचे, आणि सरकारने निवडून दिलेल्या ३०१ स्थळांपुरते. पुरी गती ५ फेब्रुवारी २०२१ ला मिळाली, म्हणजे दीड वर्षाने. मधल्या काळात करोनाची साथ होती, शाळा फोनवर भरत होत्या. मी शिक्षक, आमच्या मुलांना रेंज नाही म्हणून झाडावर चढून धडा ऐकावा लागतो याबद्दल मी तेव्हा मोठे लांबलचक पत्र लिहिले होते. त्या पत्रात श्रीनगरच्या मुलांविषयी एक ओळ नव्हती. ती सुचलीच नाही.

ती सुचायला नाका आमच्या दारात यावा लागला. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मराठा आरक्षणाच्या आंदोलनात बीडमध्ये जाळपोळ झाली आणि बीड जिल्ह्यात इंटरनेट बंद केले गेले. २६ फेब्रुवारी २०२४ ला जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत पुन्हा तेच. हिंगोलीहून त्या वाटेने जाणारा माणूस परभणी ओलांडून पुढे गेला की त्याचा फोन अर्धा मुका होई. तेव्हा मराठवाड्यात केवढी ओरड झाली! एका दिवसात आमचा जीव कासावीस झाला. जाळपोळ करणाऱ्यांना त्या बंदीने किती रोखले ते सरकार जाणे. दवाखान्याचे पैसे भरायला आलेल्या माणसाला मात्र तिने रोखलेच. १० जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन यांच्या खटल्यात सांगितले आहे की इंटरनेटवरून बोलणे आणि धंदा करणे यांना राज्यघटनेचे संरक्षण आहे. ते बेमुदत बंद ठेवता येणार नाही, बंदी गरजेपुरतीच असली पाहिजे आणि तिचा हुकूम लोकांना दिसेल असा प्रसिद्ध केला पाहिजे. तो निकाल इंटरनेट बंदीच्या हुकुमांबद्दल होता, प्रीपेडबद्दल नव्हे, हे मला कळते. पण मी कायदा शिकलेलो नाही, आणि म्हणून मला साधा प्रश्न पडतो. दंगलीच्या दिवशीही जी बंदी बेमुदत चालत नाही, ती दंगल नसताना, यात्रेच्या दिवशी, देशातल्या बहुसंख्य फोनांवर वर्षानुवर्षे कशी चालते?

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरनला अतिरेक्यांनी २६ माणसे मारली. त्यांत सहा आपल्या महाराष्ट्रातली होती. त्या दुपारी आणि रात्री महाराष्ट्रात किती घरांतून किती फोन लावले गेले असतील! सुरक्षेचा नियम म्हणतात तो अशा वेळी कामाला यावा. आणि त्या वेळी तिथे फिरायला गेलेल्या ज्या ज्या माणसाच्या खिशात गावाकडचे प्रीपेड होते, त्याला या नियमाने मुके केले होते. त्याला मदत मागता येत नव्हती आणि 'मी जिवंत आहे' एवढे तीन शब्दही घरी कळवता येत नव्हते. हॉटेलवाल्याच्या नाही तर गाडीवाल्याच्या फोनपाशी हात पसरावा लागत होता. कुणाची सुरक्षा, हा प्रश्न त्या दिवशी तरी दिल्लीत कुणाला पडायला हवा होता. काश्मिरी गाडीवाल्यांनी आपले फोन दिले, लोकांना आपल्या घरी ठेवून घेतले. ते सरकारी परिपत्रकाने नव्हे.

मी काही फार मागत नाही. आधार तपासून दिलेले सिम देशभर सारखे माना. ते आजच जमत नसेल तर निदान बोलणे आणि संदेश चालू ठेवा, इंटरनेटचे मग पाहू. तेही जमत नसेल तर लखनपूरच्या पुलाआधी आणि प्रत्येक रिचार्जच्या दुकानात, मोठ्या अक्षरांत, आमच्या भाषेत लिहा की या पैशाने घेतलेला भारत इथवरच आहे. या तिसऱ्या मागणीला खर्च एका पाटीचा. मी या तिन्ही गोष्टी लिहून वरच्या एका कचेरीला पत्र पाठवले. उत्तर आले, ते दीड ओळीचे. त्यात 'सुरक्षा' हा शब्द दोनदा होता.

या हिवाळ्यात मंडळी पुन्हा उत्तरेला जायचे म्हणत आहेत. मामाही येणार आहेत; बहिणीच्या नावाने देवीला काही सांगायचे राहिले आहे म्हणतात. निघण्याआधी अकरा घरी माझा नंबर लिहून ठेवायचे ठरले आणि तो लिहूनही झाला. मामांच्या घरी कागद सापडेना, म्हणून भाच्याने तो चुलीशेजारच्या भिंतीवर कोळशाने लिहिला आहे, एकेक आकडा वीतभर. पुण्याच्या मुलाला मी बजावून ठेवले आहे की त्या महिन्याचे बिल आधी भर.